कालवड बसेपर्यंत

घर विकायचं असं आमच्याकडे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी जेवायला हुलग्याचं माडगं होतं. माझ्या हे लक्षात राहिलं, कारण ते कुणीच संपवलं नाही आणि आमच्या घरात अन्न टाकणं म्हणजे पाप होतं. आप्पा शनिवारच्या एसटीनं पुण्याहून आले होते. कात्रजच्या घाटात त्यांना गाडी लागायची, म्हणून आल्या आल्या ते ओट्यावर डोकं धरून बसायचे आणि मी तांब्याभर पाणी घेऊन शेजारी उभी राहायची. संस्थान विलीन झालं तसं त्यांची भोरची कचेरीही गेली. नोकरी राहिली, पण ती पुण्यात. तिथं ते एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहत, खानावळीत जेवत आणि दर शनिवारी थोडे थोडे कमी होऊन घरी येत. आधी गाल गेले, मग आवाज बारीक झाला, मग खोकला आला. त्या दिवशी त्यांनी माडग्याचा वाडगा बाजूला सारला आणि सांगितलं, की पुण्यात दोन खोल्या मिळताहेत, नळ आत आहे, मालकाला पागडी हवी आहे आणि तो दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहे. दसरा टळला तर खोल्या दुसऱ्याला. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "मग घर इकू. तुमी असंच येत राह्यलात तर एक दिस नुसता सदराच यायचा."

आप्पा हसले आणि हसता हसता खोकायला लागले. तो खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. मी स्वभावानंच घोर लावून घेणारी. माझी नातवंडं मला हसतात, की आजी दूध तापायला ठेवते तेव्हाच ते उतू गेलंय असं धरून चालते. पण हा घोर मला त्या दिवशी लागला, आणि त्याला कारण होतं.

घर म्हणजे वाडा वगैरे काही नव्हतं. तीन खणांचं कौलारू घर. पुढं ओटा आणि पडवी, मध्ये माजघर, मग स्वयंपाकघर, त्याच्या मागं एक मागची पडवी आणि तिच्याही मागं परसू. घराच्या अंगाला गोठा आणि गोठ्यावरून परसात जायला एक बोळ. आई-आप्पांनी ते लग्नानंतर स्वतः उभं केलेलं. भिंतींची माती आईनं पायांनी तुडवलेली होती आणि कुठल्या भिंतीत कुठं दगड चुकीचा बसलाय हेही तिला ठाऊक होतं. आई वरव्याची, शेतकऱ्याची लेक. शाळेत गेलेली नव्हती, पण बाजारात तिला कुणी फसवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. घर पाहावं बांधून अशी म्हण आहे. घर पाहावं विकून असं मात्र म्हण करणारा म्हणाला नाही. त्याला बहुधा कधी विकावं लागलं नसणार.

भोरात तेव्हा घर, बैल आणि लग्नाचं स्थळ या तिन्ही गोष्टी दामूअण्णांच्या हातून जात. दामूअण्णा म्हणजे गावचे दलाल. काखेत बाराही महिने छत्री, तोंडात पान आणि बोलणं तुपात घोळलेलं. आमचं ठरल्याचं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, सोमवारी सकाळीच ओट्यावर हजर.

"वहिनी, तुम्ही कशाचीही काळजी करू नका. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"आन किमतीचं काय?"

"तेही मीच बघतो."

आईनं त्यांना चहा दिला. शेजारच्या तांबटांचं घर अण्णांनी विकून दिलं, तेव्हा विकणाऱ्याला सांगितलं होतं की गिऱ्हाईक मागं सरतंय, आणि घेणाऱ्याला सांगितलं की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. दोघांकडून दलाली घेतली ती घेतलीच, वर दोन्ही घरी जेवले. हे आईला तांबटीणबाईंनी रडत सांगितलं होतं. चहा संपल्यावर आई म्हणाली, "अण्णा, माझं घर म्या दाखवीन. तुमी कशाला पाय झिजवता?"

अण्णा मोठ्यानं हसले. "घर म्हणजे काय वांगी आहेत वहिनी, ओट्यावर मांडून विकायला?"

"वांग्यालाबी दावणारं लागतंच की. ह्या घराला सारवलंय म्या. कुठं काय हाय ते मला ठावं, तुमाला न्हाई."

अण्णांनी छत्री काखेत मारली आणि गेले. त्यांचा चेहरा हसराच होता. मला तो हसरा चेहरा आवडला नाही आणि तसं मी आईला म्हणालेही. आई म्हणाली, "तुला तर शांते, सत्यनारायणाचा परसादबी आंबट लागतो."

धान्याच्या पेटीचं एक जुनं झाकण होतं. त्यावर मी चुन्यानं लिहिलं, 'हे घर विकणे आहे. आत भेटावे.' ती पाटी पडवीच्या खांबाला बांधली. भोरात असली पाटी कुणी पाहिली नव्हती. लोक थांबून वाचायचे, मग आमच्याकडे बघायचे, मग पुन्हा पाटीकडे. शाळेत पोरी विचारायच्या, "शांते, घरासंगं तुलाबी देणार का गं?" मी वरवर हसायची. घरी येताना मात्र वळणावरूनच बघायची, की पाटी आहे का उतरवली. ती असायचीच.

मग आईनं आणखी डोकं चालवलं. घर घेणारा म्हणजे मास्तर नाहीतर दुकानदार, नाहीतर पेन्शनीत निघालेला कुणी सरकारी माणूस, असा तिचा हिशेब. असल्या माणसाला शेणानं सारवलेली जमीन नको, गोठ्याचा वास नको. त्याला फरशी पाहिजे. तिनं आमची म्हैस विकली. चंद्री तिचं नाव. सारोळ्याचा एक माणूस तिला घेऊन गेला. ती पूल ओलांडेपर्यंत ओरडत होती असं म्हणतात. आम्हाला मात्र गल्लीच्या टोकापर्यंतच ऐकू आलं, कारण आईनं त्या वेळी मुद्दाम जात्यावर दळण घातलं होतं. चंद्रीच्या पैशातून शहाबादी फरशी आली. पुढची पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि गोठा, सगळीकडे गुळगुळीत फरशी बसली. गव्हाण काढून टाकली. गोठ्याची झाली खोली. म्हैस विकून गोठ्याला फरशी घालणारी बाई भोर तालुक्यात आधी झाली नसेल आणि नंतरही नसेल. गवंडी मागच्या पडवीकडे वळला तशी आई म्हणाली, "तेवढं ऱ्हाऊ दे."

"बाई, सगळ्या घराला फरशी आन एवढंच मातीचं? वाईट दिसंल की."

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना."

गवंडी थापी धुवायला गेला. का ते मी जाणत होते. मागच्या पडवीच्या तुळईला एक लोखंडी कडी होती. त्या कडीला पाळणा असायचा, आणि पाळण्यात ठकी, माझी पाठची बहीण. परसातला वारा तिथं यायचा म्हणून तिला तिथंच झोप लागायची. माजघरात ठेवली की घर डोक्यावर घ्यायची. ती नुकती चालायला लागली होती. गोवर निघाला, आत बसला, आणि त्याच पडवीत ती गेली. पाळणा आईनं माहेरी देऊन टाकला, कडी तशीच राहिली. त्या जागेला सारवण घालायचं ते फक्त आईनं. मी हात लावायला गेले तर म्हणायची, "तू तुझं दप्तर बघ." आमच्या घरात ठकीचं नाव कुणी काढत नसे. आप्पाही नाही.

गिऱ्हाइकं यायला लागली. कुणी येणार असं कळलं की आई चुलीवर आंबेमोहराचा भात टाकायची. एरवी तो आमच्याकडे सणावारालाच. माणूस उंबऱ्यात पाय ठेवायचा आणि त्याच्या नाकात तो वास जायचा, की लगेच चेहरा सैल पडायचा. आई पुढं आणि मी मागं कंदील घेऊन, माजघरात दिवसाही अंधार असायचा म्हणून. आई चांगलं दाखवायची आणि वाईटही सांगायची. "ह्या कोपऱ्यात आषाढात गळतं. कौल फिरवायला लागंल." मी तिला कोपरानं ढोसायची. ती म्हणायची, "गळतंय तर गळतंय. न्हाईतर पैल्या पावसाला ते पुण्याला येतील भांडायला." एक मास्तर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा बायकोला घेऊन आले. त्या बाईंनी चुलीची जागा बघून मान डोलावली. मी मनातल्या मनात पुण्याच्या खोल्यांत भांडीसुद्धा लावून टाकली.

ते मास्तर पुन्हा आले नाहीत. नंतर एक किराणावाला यायचा होता, तोही फिरकला नाही. मग कुणीच येईना. आंबेमोहराचा भात आम्ही दोघीच खायचो आणि उरलेला सकाळी फोडणीला घालायचो. काय झालं ते आईला नदीवर कळलं. धुणं धुताना मास्तरांच्या बायकोनं मान वळवली, आणि आईनं सरळ विचारलं. दामूअण्णा चहाच्या दुकानात बसायचे आणि कुणी आमच्या घराचा विषय काढला की म्हणायचे, "घर चांगलं आहे हो. बांधणी पक्की. मागच्या पडवीचं तेवढं..." आणि थांबायचे. पुढं काही बोलायचे नाहीत. पान थुंकायला उठायचे. उरलेलं वाक्य ज्याचं त्यानं पुरं करायचं. गावानं ते पुरं केलं होतं. कुणी म्हणे रात्री पाळण्याच्या कड्या वाजतात, कुणी म्हणे त्या घरात लेकरू टिकत नाही. आता खोटं बोलला म्हणून त्या माणसाला धरायचं कसं? त्यांनी तर काहीच म्हटलं नव्हतं.

आई ओल्या धुण्याची बादली घेऊन परत आली आणि धुणं न घालताच मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते. तिथूनच ती म्हणाली, "माझ्या लेकीला त्यानं घराचा डाग केला गं." ठकी गेल्यापासून पहिल्यांदा ती तिच्याबद्दल बोलली होती. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. बादली उचलून परसात गेली आणि धुणं इतकं जोरानं झटकायला लागली, की शेजारच्या तांबटांच्या जागी राहायला आलेली बाई भिंतीवरून बघायला आली.

दीड दिवसाचे गणपती आले आणि गेले. आता पितृपंधरवडा तोंडावर. त्या पंधरा दिवसांत घर घेणं सोडा, कुणी नवी केरसुणीसुद्धा घेत नाही. पंधरवडा संपला की घट बसणार आणि लगेच दसरा. म्हणजे जे व्हायचं ते पौर्णिमेच्या आत व्हायला हवं होतं. आप्पा शनिवारी यायचे, पाटीकडे बघायचे आणि आत यायचे. एकदा जेवताना एवढंच म्हणाले, "मालक विचारत होता." मग पाणी प्यायले. खाली ठेवताना भांडं ताटावर वाजलं. मी त्या आवाजानं दचकले. आजही भांड्याचा तसा आवाज झाला की मी उठून बघून येते, कुणाला काय झालं.

बाजारच्या दिवशी पावसाच्या सरींतून एक म्हातारा आणि त्याची म्हातारी आमच्या ओट्यावर आडोशाला आली. अंगावर घोंगड्या, म्हातारीच्या डोक्यावर तुपाचा डेरा. पासलीच्याही वरचे, डोंगरातल्या वाडीतले. गाईगुरं आणि शेरडं राखणारी माणसं. म्हाताऱ्याचं नाव कोंडिबा, म्हातारी बायजाबाई. म्हाताऱ्यानं पाटीकडे बोट दाखवून मला विचारलं, "पोरी, हे काय ल्ह्यलंय?"

"घर विकायचंय."

म्हातारा म्हातारीकडे बघायला लागला. त्यांच्या नातवाला वाडीच्या शाळेतल्या मास्तरांनी हुशार म्हटलं होतं आणि त्याला भोरच्या मोठ्या शाळेत घालायचं होतं. म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे आता डोंगर चढवत नव्हता. रान, गुरं थोरल्या मुलाकडे सोपवून ही दोघं नातवाला घेऊन खाली यायच्या विचारात होती. चार जनावरं मात्र बरोबर आणणार होती. दुधाशिवाय त्यांना घर घरासारखं वाटणार नव्हतं.

आईनं त्यांना घर दाखवलं. त्या दिवशी भात शिजत नव्हता. चुलीवर नुसतं कुरडूच्या भाजीचं भगुणं होतं. दोघांनी फरशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परसात जाऊन वारा कुठून येतो ते बघितलं, आडाचं पाणी चाखलं. म्हातारी म्हणाली, "जागा बरी दिसती." आणि म्हातारा म्हणाला, "पर आमच्यात जागा माणूस ठरवत न्हाई, बाई. माणसाला लोभ असतो. आमी गुरांचा नवा वाडा घालायचा तर आदी कालवड सोडतो. तिनं बैठक मारली, रवंथ केला, की जागा आपली. उभीच ऱ्हायली तर दुसरी जागा बघायची. आमच्या बापजाद्यांनी असंच केलंय. कालवड आणू का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनं नको म्हणत होते. "आणा," आई म्हणाली. "पुनवंच्या आत आणा."

ते कालवड घेऊन आले तेव्हा उन्हं नुकती ओट्यावर आली होती. आईनं पहाटेच उठून सगळी फरशी घासून पुसून आरशासारखी केली होती. आणि एक गोष्ट केली होती जी तिनं एकाही गिऱ्हाइकासाठी केली नव्हती. मागच्या पडवीचं परसाकडचं कवाड लावून त्याला कडी घातली होती. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे तिनंही बघितलं.

कालवड तांबडी होती, कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात घुंगूर. कोंडिबानं तिचं दावं सोडलं आणि स्वतः ओट्यावर उकिडवा बसला. ती पडवीत चढली. फरशीवर खूर खट्खट् वाजले, एक पाय सरकला आणि ती जागच्या जागी थबकली. तिथून ती गोठ्यात गेली. तिथंही तेच. चारी पाय फाकून उभी. आईनं लगबगीनं हिरव्या वैरणीची पेंडी आणली, तर कोंडिबा म्हणाला, "वैरण दावू नगा. खायाला दिलं तर ती प्वाटाचं बघंल, जागंचं न्हाई."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. समोर शिंप्याचा ओटा होता, त्यावर चारदोन माणसं येऊन बसली. मग आणखी आली. मग दामूअण्णा आले आणि छत्री उघडून सावलीत बसल्यासारखे बसले. "काय वहिनी, गिऱ्हाईक उभंच का? बसा म्हणा की त्याला," असं ते मोठ्यानं म्हणाले आणि शिंप्याचा ओटा हसला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आई पदर खोचून कालवडीकडे बघत होती. भादव्याचं ऊन चढत होतं. कालवड गोठ्यातून पडवीत यायची, पडवीतून ओट्याखाली उतरायची, शेपटीनं माश्या हाकायची आणि उभी राहायची. मी देव पाण्यात घालून बसले होते. ती जरा गुडघे वाकवल्यासारखी करायची आणि मीही नकळत वाकायची. मग ती पुन्हा सरळ व्हायची. मला आठवतं, त्या वेळी मला कालवडीचा इतका राग आला होता, की तिला दोन्ही शिंगं धरून खाली बसवावं असं वाटत होतं. आप्पांचा सगळा खोकला त्या एका जनावराच्या चार पायांवर उभा होता.

दुपारी आईनं पाहुण्यांना जेवायला वाढलं. बायजाबाई स्वयंपाकघरात बसल्या, कोंडिबाचं ताट ओट्यावर नेऊन दिलं. भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि शेवटी आंबेमोहर. बायजाबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि मागून घुंगूर वाजला. कालवड बोळातून परसात आली होती. मग कवाडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. ती मान घासत होती. थांबली, पुन्हा घासायला लागली.

"कवाडाशी आलीय," बायजाबाई म्हणाल्या. "उघडा की."

आई हातात भाताचा डाव घेऊन तशीच उभी राहिली.

"सरपण भरलंय का आत?"

किती सोपं होतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं. मी म्हणणारच होते, माझं तोंडही उघडलं होतं. आईनं डाव खाली ठेवला. "सरपण न्हाई. माझी धाकली लेक तिथं गेली. गोवरानं. गाव म्हणतंय त्या जागंत काय तरी हाय. तुमच्या कानावर आलं नसंल तर म्या सांगते. काय बी न्हाई तिथं. माझी लेक तिथं झोपायची, एवढंच हाय."

बायजाबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. मी डोळे मिटले. मला वाटलं, गेलं. आता उठतील आणि जातील. पण त्या म्हणाल्या, "माझी दोन गेली, बाई. एक वढ्याच्या कडंला, एक कुडाच्या खोपीत. त्यापायी आमी वढा सोडला का कूड सोडला? लेकरं जिथं ऱ्हायली तिथं माणसानं येत-जात असावं. उघडा त्ये कवाड."

आईनं कडी काढली. कालवड आत आली. तिनं सारवणाचा वास घेतला, फुस्स केलं, तुळईखाली एक फेरा घातला. मग पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग सोडलं आणि बरोबर त्या लोखंडी कडीखाली बसली. कोंडिबा कधी बोळातून आला ते मला कळलं नाही. तो कवाडात अनवाणी उभा होता आणि तोंडावर बोट धरून आम्हाला खुणावत होता. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "कुणी बोलू नगा. उठंल ती." आम्ही कुणी हललो नाही. चुलीवर काहीतरी करपत होतं, तरी कुणी हललं नाही. मग तिनं मान वळवली, गळ्यातून एक गोळा वर येताना दिसला, आणि डोळे अर्धे मिटून ती सावकाश चघळायला लागली. आईचा एक हात भिंतीवर होता. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

आता या वयात मला कळतं, की गुळगुळीत फरशीवर खूर सरकतो, जनावराला तिथं बसायची भीती वाटते, आणि साऱ्या घरात फरशी नसलेली तेवढीच एक जागा उरली होती. आम्हीच म्हैस विकून ती सोय केली होती. जन्मभर गुरं पाळलेल्या आईला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तिनं कधी तसं बोलून दाखवलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

किंमत आईनं एकदाच सांगितली. कोंडिबा म्हणाला, "कमी-जास्ती?"

"न्हाई. गळतं कुठं त्येबी सांगितलंय."

"मधी दलाल कोण?"

बायजाबाईच म्हणाल्या, "मधी कालवड हाय की."

सुपारी फुटली. कागद नंतर झाला. आप्पा रजा काढून सहीला आले. सुपारी फुटली तेव्हाच दामूअण्णा शिंप्याच्या ओट्यावरून उठताना म्हणाले, "शेवटी घराचा गोठाच झाला म्हणायचा." आई हसून म्हणाली, "व्हय अण्णा. आन तुमी मधी आला असता तर दुकान झालं असतं." निघायच्या दिवशी आप्पांनी तुळईची कडी काढायला पक्कड आणली. आईनंच त्यांना आणायला सांगितलं होतं. बायजाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की ती. आमच्या सुनंला सातवा लागलाय, बाळंतपणाला हितंच आणायचीय." आईनं आप्पांच्या हातातली पक्कड घेतली आणि पिशवीत टाकली.

दसऱ्याच्या आधी आम्ही पुण्याला आलो. दोन खोल्या, आत नळ. आप्पांना घरचं जेवण मिळायला लागलं आणि त्यांचा खोकला उतरू लागला. मी नव्या शाळेत जायला लागले. माझा घोर मात्र गेला नाही, कारण त्या खोल्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत शहाबादी फरशी होती आणि आई बसत नव्हती. आधी माझ्या लक्षात आलं नाही. ती स्टोव्हपाशी उभी असायची, खिडकीपाशी उभी असायची, उभ्यानं पाणी प्यायची, आम्हाला वाढून झालं की दाराला टेकून उभ्या उभ्या चार घास खायची. आप्पा म्हणायचे, "अगं, टेक की जरा." ती म्हणायची, "टेकते की. गार लागतंय." आणि उभीच. मी शाळेत बसून तेच धरून बसायची. आईला इथं करमलं नाही तर काय, ती माहेरी निघून गेली तर काय, आप्पा पुन्हा खानावळीत गेले तर काय. घरी येताना मी जिन्याखालून कान देऊन ऐकायची, तिच्या बांगड्यांचा आवाज उंचावरून येतोय का खालून.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. जिना चढून आले तर दार उघडं होतं. आई खिडकीखाली भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली होती. मांडीवर आप्पांचा सदरा होता, त्याचं बटण अर्धंच लावलेलं, सुई तशीच टोचून ठेवलेली. तिच्या अंगाखाली काही नव्हतं, नुसती फरशी. तोंडात सुपारीचं खांड होतं, डोळे अर्धे मिटले होते आणि ती सावकाश चघळत होती. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.